क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रण आणि मोडेमची अस्थिर जोडणी

बोलींच्या अभ्यासकास क्षेत्रकार्याच्या काळात दोन चिंता असतात. निवेदक मोकळेपणाने बोलेल की नाही, ही पहिली. आणि तो जे बोलला ते सुखरूपपणे विभागापर्यंत पोहोचेल की नाही, ही दुसरी. पहिलीविषयी क्षेत्रकार्याच्या ग्रंथांतून पुष्कळ विवेचन झालेले आहे. दुसरीचा विचार मात्र बहुधा एखादे ध्वनिमुद्रण हरवल्यानंतरच केला जातो. वृद्ध निवेदकाने सांगितलेली कथा एकाच कार्डावर असेल, तर ती सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. यास्तव दिवसाचे मुद्रण त्याच रात्री विभागाच्या संगणकाकडे पाठवावे, हा नियम योग्यच आहे. धडगाव, धारणी यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत या नियमाचे पालन पुष्कळदा एका लहानशा साधनावर अवलंबून असते. ते साधन म्हणजे सुवाह्य राउटर आणि त्याच्या यूएसबी खाचेत बसविलेला, सिमकार्ड घातलेला मोडेम.

हे साधन काही वेळ चालते व मग थांबते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचा परिणाम किती होतो हे आकड्यांनी पाहणे उपयुक्त ठरेल. सेकंदास ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा, या प्रतीचे एका तासाचे एकमार्गी मुद्रण सुमारे ५१८ मेगाबाइट जागा व्यापते. सेकंदास १ मेगाबिट या गतीने ते पाठविण्यास जवळजवळ ७० मिनिटे लागतात. जोडणी दर वीस मिनिटांनी तुटत असेल आणि प्रत्येक वेळी पाठवणी पहिल्यापासून सुरू होत असेल, तर रात्रभर यंत्र चालवूनही ती फाइल कधीच पोहोचणार नाही.

‘जोडणी टिकत नाही’ हे एकच वाक्य निरनिराळ्या चार दोषांना लावले जाते, आणि सर्व घोटाळा येथूनच सुरू होतो. संगणक व राउटर यांमधील वायफाय, राउटर व मोडेम यांमधील वीज व यूएसबी, मोडेम व मनोरा यांमधील रेडिओ लहरी, आणि मनोऱ्यापलीकडील जाळ्याशी झालेला संवाद, अशी ही चार कड्यांची साखळी आहे. कोणतीही कडी तुटली तरी पडद्यावर दिसणारे लक्षण एकच असते. म्हणून उपाय करण्यापूर्वी तुटलेली कडी ओळखणे अवश्य आहे, आणि ती ओळखण्याची वेळ म्हणजे जोडणी तुटलेली असतानाची. त्या क्षणी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, की जोडणी येते. परंतु पुरावाही नाहीसा होतो.

जोडणी तुटताच प्रथम राउटरचे स्वतःचे व्यवस्थापन-पृष्ठ उघडते का, हे पाहावे. ते उघडत नसेल, तर दोष वायफायचा किंवा राउटरचा आहे. मोडेमला दोष देण्याचे कारण नाही. पृष्ठ उघडत असेल, तर त्यावर मोडेम दिसतो का, हे तपासावे. मोडेमच नाहीसा झाला असेल, तर दोष विजेचा किंवा यूएसबीचा. मोडेम दिसतो परंतु मनोऱ्याशी नोंदणी नाही, असे असेल तर दोष लहरींचा. नोंदणी आहे, आयपी पत्ताही मिळालेला आहे आणि तरीही माहिती पुढे सरकत नाही, तर दोष जाळ्याशी चाललेल्या संवादाचा होय.

यांपैकी विजेचा दोष सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो. यूएसबी २.० च्या प्रमाणाप्रमाणे एका खाचेतून ५०० मिलिॲम्पिअर इतकाच प्रवाह मिळावयाचा असतो. मोडेमला सर्वाधिक वीज लागते ती माहिती पाठविताना; आणि मनोरा जितका दूर, तितके त्यास अधिक जोराने प्रक्षेपण करावे लागते. अशा वेळी बारीक व लांब तारेतून किंवा हलक्या ॲडॉप्टरमधून येणारा विद्युत्‌दाब खाली घसरतो आणि मोडेम क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो. या दोषाची खूण स्पष्ट आहे : पत्रे वाचणे, पाने उघडणे इत्यादी कामे नीट चालतात, परंतु मोठी फाइल पाठवावयास घेतली की थोड्याच वेळात मोडेमचा दिवा विझून पुन्हा लागतो. यावर आखूड व जाड तार, पुरेशा क्षमतेचा ॲडॉप्टर, किंवा स्वतंत्र वीजपुरवठा असलेला यूएसबी हब हे उपाय आहेत.

येथेच आणखी एक अडचण उद्‌भवते. अनेक मोडेम खाचेत बसविताच स्वतःची ओळख मोडेम म्हणून न देता सीडी म्हणून देतात. संगणकावर चढविण्याचा कार्यक्रम त्यांच्या पोटात साठविलेला असतो, म्हणून ही योजना असते. त्यांना दुसऱ्या रूपात येण्याची आज्ञा राउटरने द्यावी लागते. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरांत हे काम ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचा कार्यक्रम करतो. विजेच्या धक्क्याने मोडेम पुन्हा सुरू झाला की तो परत पहिल्या रूपात येतो. राउटरने ही आज्ञा पुन्हा दिली नाही, तर अर्ध्या सेकंदाच्या धक्क्यातून तासाभराचा खंड निर्माण होतो. मोडेम उपसून पुन्हा बसविल्यावरच जोडणी परत येत असेल, तर प्रथम या कारणाचा संशय घ्यावा.

लहरींच्या बाबतीत पडद्यावरील उभ्या रेघांवर विसंबू नये. मोडेमच्या माहिती-पृष्ठावर आरएसआरपी या नावाने ४जी संकेताची शक्ती डीबीएम या मानात दिलेली असते. हा आकडा ऋण असतो. तो −८० च्या आसपास असेल तर संकेत उत्तम, −१०० जवळ असेल तर मध्यम, आणि −११० च्या खाली गेला तर दुर्बळ समजावा. दहाचा फरक म्हणजे शक्तीत दहापटीचा फरक, हे ध्यानात ठेवले म्हणजे मोडेम खोलीतून खिडकीत हलविण्याचे महत्त्व कळून येईल. जुन्या मोडेमांत ‘एटी+सीएसक्यू’ या आज्ञेने ० ते ३१ यांमधील एक अंक मिळतो. त्याची दुप्पट करून तीतून ११३ वजा केले असता डीबीएममधील शक्ती मिळते. उदाहरणार्थ, १० या अंकाचा अर्थ −९३ डीबीएम. ९९ हा अंक आला तर मोजमापच झाले नाही, असे समजावे.

मोडेम उंचावर नेण्यासाठी लांब यूएसबी तार लावण्याचा मोह होतो. परंतु तिने वर सांगितलेला विजेचा दोष ओढवतो. त्यापेक्षा राउटर व मोडेम दोन्ही एकत्र माडीवर ठेवून संगणकच दूर बसवावा. मोडेम ४जी व २जी यांमध्ये वारंवार उड्या मारीत असेल, तर प्रत्येक उडीस संवाद खंडित होतो. तेथे एकच पद्धत निश्चित करून द्यावी. मोडेम कोणत्या पिढीचा आहे हेही पाहावे. २०१६ साली सुरू झालेली जिओची सेवा ४जी पद्धतीवर उभारलेली असल्याने, केवळ ३जी जाणणाऱ्या मोडेमला तिचा उपयोग नाही. आणखी एक बाब अशी की, भारतात ४जी सेवेसाठी वापरला जाणारा एक पट्टा २३०० ते २४०० मेगाहर्ट्‌झचा आहे आणि वायफायचा नेहमीचा पट्टा त्याला लागूनच सुरू होतो. बोटभर अंतरावर बसविलेली ही दोन प्रक्षेपके एकमेकांस बाधा आणू शकतात. अशा वेळी वायफाय पहिल्या वाहिनीऐवजी अकराव्या वाहिनीवर न्यावे, किंवा संगणक तारेने जोडावा.

चौथा दोष सूक्ष्म आहे. काही मोडेमांच्या जोडणीत राउटर ठराविक अंतराने पलीकडच्या टोकास ‘उपस्थित आहात काय’ असे विचारीत असतो, आणि काही वेळा उत्तर न आल्यास जोडणी मृत समजून स्वतःच तोडतो. मोठी फाइल जात असताना हे प्रश्न रांगेत अडकून पडतात. जोडणी जिवंतच असते, केवळ उत्तरास विलंब होतो. तेव्हा अनुत्तरित प्रश्नांची मर्यादा वाढवावी आणि पाठवणीची गती कमाल गतीहून किंचित कमी ठेवावी. याच्या उलट, बराच वेळ काहीच न पाठविल्यास जाळे आपल्या बाजूने संवादाची नोंद पुसून टाकते. तेथे अधूनमधून लहानसा संदेश पाठवीत राहणे हा उपाय होय.

हे सर्व उपाय एकाच वेळी योजण्याची प्रवृत्ती स्वाभाविक असली, तरी ती टाळली पाहिजे. ‘काल’ आणि ‘काळ’ हे लघुतम युग्म घेऊन भाषावैज्ञानिक ल व ळ यांचे स्वनिमत्व सिद्ध करू शकतो, कारण त्या युग्मात बाकी सर्व समान असून एकच घटक भिन्न असतो. येथेही तोच न्याय लागू आहे. तार आणि जागा एकदम बदलली व जोडणी सुधारली, तर कारण कोणते हे कळत नाही, आणि दुसऱ्या गावी तोच दोष पुन्हा उभा राहतो. म्हणून वेळ, दिव्याची स्थिती, संकेताचा आकडा, पाठवणी चालू होती की नव्हती, आणि केलेला एकच बदल, इतक्या पाच गोष्टींची नोंद क्षेत्रवहीत ठेवावी. आठ-दहा नोंदी झाल्या म्हणजे तुटलेली कडी बहुतेक ओळखता येते.

इतके करूनही डोंगराळ भागात जोडणी कधीच तुटणार नाही, अशी अपेक्षा धरता येत नाही. सबब पाठवणी तुटल्यास थांबल्या ठिकाणापासून पुढे चालू होईल अशाच पद्धतीने फाइल पाठवावी. ‘आरसिंक’सारख्या कार्यक्रमांत तशी सोय आहे. ती नसेल तर मुद्रणाचे लहान खंड करून ते क्रमाने पाठवावेत. फाइल पोहोचल्याची खूण पडद्यावर दिसली एवढ्यावरून कार्ड पुसून टाकणे धोक्याचे आहे. दोन्ही टोकांस फाइलीची पडताळणी-संख्या काढून ती जुळते का, हे पाहावे. आणि ती जुळल्याचे विभागाकडून कळेपर्यंत मूळ कार्ड वेगळे काढून ठेवावे. यंत्र पुन्हा विकत घेता येते. परंतु तो निवेदक तीच कथा पुन्हा तशीच सांगेल, याची शाश्वती कोणीही देऊ शकत नाही.