धमन्यांचें काठिण्य आणि शरीराचे पहारेकरी

लोणी काळभोरजवळून जाणारा मुठा उजवा कालवा आपण सर्वांनीं पाहिला आहे. कालव्यांत गाळ सांचला कीं पुढच्या शेतास पाणी पोंचत नाहीं. हृदयाच्या धमन्याही उतारवयांत अशाच गाळानें बुजतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. धमनीची भिंत सजीव असते, आणि तिच्या नाशास शरीराचे पहारेकरीच हातभार लावितात.

हे पहारेकरी म्हणजे रक्तांतील श्वेतपेशी. शरीरांत शिरलेल्या परक्या पदार्थास पेशी वेढून गिळतात, हें रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ ह्यांनीं १८८२ सालीं ओळखिलें. १९०८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

आतां धमनींत काय घडतें तें पाहूं. रक्तांत कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण फाजील झाले, अथवा विडीच्या धुरानें, रक्तदाबानें किंवा मधुमेहानें आंतील नाजूक अस्तर दुखावलें, म्हणजे ते कण भिंतींत शिरून विकृत होतात. अस्तर पहारेकऱ्यांस हांक मारितें. श्वेतपेशी येऊन कण गिळूं लागतात; परंतु कणांचा ओघ थांबत नाहीं. अति गिळून त्या फुगतात, फेंसाळ दिसूं लागतात व तेथेंच मरतात. मग आणखी पेशी येतात आणि दाह वाढतो. वर तंतूंचें कवच धरतें, चुना सांचतो व धमनी कठीण होते. पुढें दाहानें तें कवच फुटलें, तर तेथें रक्त गोठून हृदयाचा किंवा मेंदूचा पुरवठा अकस्मात् बंद पडतो.

मग पहाराच उठवावा काय? हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील एक प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कांहींस केवळ दाह शमविणारें औषध दिलें होतें. कोलेस्टेरॉल न घटतांही त्यांचे पुढील झटके कमी झाले. पण जंतुसंसर्गानें होणारे मृत्यू वाढले. तेव्हां पहारा हवाच. पहारेकऱ्यांस निष्कारण चिडवूं नये, इतकेंच.

ही गोष्ट आपल्या दाराशीं आली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं खेडीं, झोपडपट्टी आणि शहरी मध्यम वर्ग ह्यांतील पुरुषांची तपासणी केली. तिचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. रक्तांतील दाहाची खूण खेड्यांत सर्वांत कमी, तर मध्यम वर्गांत सर्वांत अधिक आढळली. लोणीसारखीं गांवें शहराशीं जुळत असतां शेतांतील श्रम सुटतात, बैठक वाढते, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

आणि विद्यार्थिमित्रहो, हट्ट करणें वाईट खरें. परंतु वडिलांनीं विडी सोडावी, आईनें रक्तदाब व साखर तपासून घ्यावी, सायंकाळीं सर्वांनीं मिळून चालावयास जावें, हा हट्ट तुम्ही अवश्य धरा.