कै. माजी विद्यार्थी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ची. बी.ए.ची परीक्षा पहिल्यांदा कुणी उत्तीर्ण झाले ते १८६२ साली, आणि तेही चौघेच: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पहिली दोन नावे शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. वागळे वकील झाले, मोडकांनी शिक्षणक्षेत्रात नाव काढले, दोघेही प्रार्थना समाजातले. पण आज त्यांचे नाव निघते ते चारांची यादी पुरी करण्यापुरते. एकाच परीक्षेला बसलेल्या चौघांपैकी दोघे लोकांच्या लक्षात राहिले आणि दोघे विस्मरणात गेले. मोठेपणातला फरक हे त्याचे एक कारण आहेच. पण माणूस गेल्यावर त्याच्याविषयी लिहायला मागे कोण उरले, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

विद्यापीठाने हे काम केले, असे म्हणवत नाही. फोर्टातल्या मनोऱ्याला राजाबाईंचे नाव आहे. त्या देणगीदार प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्री. पदवीदान सभागृहाला नाव आहे सर कावसजी जहांगीर यांचे. पैसा देणाऱ्याचे नाव राहावे, यात वावगे काही नाही. कालिन्याला रानडे भवन आहे, पण तिथे रानडे आहेत ते थोर पुरुष म्हणून, विद्यार्थी म्हणून नव्हेत. विद्यार्थी रानड्यांची हकीकत अशी, की मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून त्यांनी निबंधात इंग्रजी राज्याला उणे ठरवले आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली. असला मजकूर इमारतीच्या पाटीवर कोण लिहिणार?

तो लिहिला जातो घरात. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेले. त्यांच्या पत्नी रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१०मध्ये प्रसिद्ध झाले. १८७३ साली अकरा वर्षांची, अक्षरओळख नसलेली ही मुलगी एकतीस वर्षांच्या एका विधुर सुधारकाच्या घरात आली. विधवेशी लग्न करावे, असे सांगणाऱ्या या सुधारकाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली होती. नवरा रात्री शिकवायचा आणि घरातल्या बायका दिवसा त्याचा वचपा काढायच्या. इंग्रजी शिकायला लागल्यावर तर विचारायलाच नको. पुण्यातल्या पंचहौद मिशनमधला चहा, त्यावरून पेटलेले ग्रामण्य आणि शेवटी रानड्यांनी घेतलेले प्रायश्चित्त, हेही या पुस्तकात येते. सभांच्या वृत्तांतात चिरेबंदी दिसणारा न्यायमूर्ती इथे घरच्यांपुढे नमते घेतो, गप्प बसतो, बायकोची समजूत घालतो. दिवंगत पदवीधराचे याहून चांगले स्मारक मराठीत मला तरी माहीत नाही.

घरानंतर नंबर लागतो भांडणाऱ्यांचा. आगरकर आणि टिळक डेक्कन कॉलेजचे सोबती. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, हे दोघांनी तिथेच ठरवले आणि पुढे सुधारणेच्या प्रश्नावरून दोघांचे कायमचे फाटले. पुण्याच्या सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. १७ जून १८९५ रोजी ते खरोखर गेले, तेव्हा वय चाळिशीच्या आतच होते आणि ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. आपल्या अंत्यविधीसाठी त्यांनी थोडे रुपये पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. पुढे १९१५ साली मवाळ पुढारी गोखले गेले, तेव्हा त्यांच्या चितेपाशीही टिळक बोलले आणि प्रतिपक्षाच्या या माणसाचे मोठेपण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

पण यातला शिरोमणी प्रसंग १८ जानेवारी १९४३चा. रानड्यांच्या १०१व्या जयंतीला डेक्कन सभेने पुण्यात व्याख्यान ठेवले आणि वक्ते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तेही एल्फिन्स्टनचेच पदवीधर. जयंतीचे भाषण म्हणजे हार-तुरे, हा आपला रिवाज. बाबासाहेबांनी आरंभीच रानडे खरोखर थोर होते का, हा प्रश्न घेतला, थोर कुणाला म्हणावे याची चर्चा केली, विभूतिपूजेवर कोरडे ओढले. रानड्यांना थोर ठरवले ते कस लावून, आणि त्यांच्या उदारमतवादी पक्षाला संघटना का उभारता आली नाही, हेही सुनावले. ‘रानडे, गांधी आणि जिना’ या नावाने ते भाषण छापलेले आहे. पुण्यतिथीच्या सभा भरवणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थी संघाने ते एकदा वाचावेच.

कधी आठवण परक्यांनीही जपली. आनंदीबाई जोशी मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वय अवघे एकवीस. पती गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेतल्या त्यांच्या यजमानीण थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे धाडल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या गेल्या. कॅरोलाइन डॉल यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र १८८८मध्येच आले. काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र त्यानंतर आले. त्या कॉलेजचे दप्तर आता ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. त्यात १८८५चे एक छायाचित्र आहे: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या पेहरावातल्या सबात इस्लामबूली. हे छायाचित्र कॉलेजने टाकून दिले नाही म्हणूनच आज मोबाइलवर फिरते.

टाकून न देणे हीसुद्धा विद्याच आहे. केंब्रिजच्या जॉन व्हेन आणि त्यांच्या मुलाने आरंभापासून १९००पर्यंतच्या ज्ञात विद्यार्थ्यांची नोंद दहा खंडांत केली. शेवटचा खंड निघाला १९५४ साली. बाप कोण, शाळा कोणती, पुढे काय केले, मेला कधी. त्यात पंतप्रधान आहेत आणि आडगावचे पाद्रीही, दोघांना नियम एकच. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात तर पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढून मेलेल्या आपल्याच माजी विद्यार्थ्यांची पाटी लावली आहे. शत्रू झाला तरी विद्यार्थी आपलाच!

आपल्याकडे वाण आहे ती या सरसकट नोंदीची. रानडे-आगरकरांची काळजी नको. पण वारावर जेवून, माधुकरी मागून, बोर्डिंगात राहून पदवी मिळवलेली आणि मग तालुक्याच्या शाळेत आयुष्य काढलेली माणसे कॉलेजच्या नियतकालिकात श्रद्धांजलीच्या चौकटीत नुसती नावानिशी येतात, पुष्कळदा तेवढीही येत नाहीत. म्हणून वाचकांना एक विनंती. घरात कुणी पदवीधर आजी-आजोबा, मामा, आत्या होऊन गेले असतील, तर दोन पाने लिहा. गाव कोणते, फी कुणी भरली, जेवण कुठे, कुणाशी पटले नाही, पदवीचे पुढे काय केले. जमले तर एक फोटो जोडा, मागे पेन्सिलीने साल घाला आणि त्यांच्या कॉलेजच्या ग्रंथपालाकडे नेऊन द्या. पोच मागायला विसरू नका.