नवगावपासून बीरशेबापर्यंत : बेने इस्राएलांचा मागोवा

अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी नवगाव आहे. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया हे आपले मूळ, आणि बुडालेल्यांना याच गावात पुरले, असे बेने इस्राएल समाज पिढ्यान् पिढ्या सांगत आला आहे. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी हे आगमन इसवी सनपूर्व १७५ च्या सुमाराचे मानले. त्यांच्या मांडणीला आधार होता तो न पाळल्या जाणाऱ्या एका सणाचा. हनुक्का हा सण कोकणातल्या या यहुदींना ठाऊकच नव्हता. तेव्हा तो सुरू होण्यापूर्वीच पूर्वजांनी मायदेश सोडला असावा, हा त्यांचा तर्क. तर्क चतुर असला तरी तो पुरावा नव्हे; शतकांच्या ओघात आणखीही पुष्कळ विसरले गेले होते. शिवाय बुडालेले जहाज आणि चौदा माणसे चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही भेटतात. कोकण किनाऱ्यावरच्या या दोन कथांपैकी कोणती कोणावरून बेतली, हे ठरवण्याच्या भरीस न पडलेलेच बरे. जनुकांवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र या समाजात पश्चिम आशियातील यहुदी वंश आणि स्थानिक भारतीय वंश या दोन्हींचा अंश आढळला.

कोकणात त्यांनी तेलाचा घाणा चालवला. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावे गावांवरून पडली : किहीमचे केहिमकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, तसेच दिवेकर, अष्टमकर, राजपूरकर. सॅम्युएलचा समाजी झाला, एझकिएलचा हसाजी. धर्मग्रंथाची गुंडाळी जवळ नव्हती, शिकवायला रब्बी नव्हता, हिब्रूही विसरली होती. उरले होते ते मोजके पण पक्के : आठव्या दिवशी सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यातले विधिनिषेध आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना, जी जन्म, लग्न, मृत्यू अशा हरएक प्रसंगी म्हटली जाई. सणांची नावे थेट स्वयंपाकघरातून आणि अंगणातून आलेली होती. एक खिरीचा सण, तर योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात राहायचे म्हणून ती दारफाळणी. पुढे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास आला, त्याचेही नाव ‘बिरड्याचा रोजा’ पडले. सोललेल्या वालांचे बिरडे त्या दिवसाशी जोडले गेले.

या समाजाचा पुढचा इतिहास पाहिला, की बाहेरून कोणीतरी येते, हे खरे यहुदी आहेत का, हे तपासते आणि त्या तपासणीतून समाज थोडा बदलतो, हा क्रम वारंवार दिसतो. पहिला तपासनीस डेव्हिड रहाबी. कथा अशी, की त्याने बायकांपुढे नाना जातींचे मासे ठेवले. त्यांनी यहुदी धर्माला चालणारे, पर आणि खवले असलेले तेवढे वेगळे काढले आणि रहाबीची खात्री पटली. त्याने तिघांना धर्मविधी शिकवून तयार केले. त्यांना काजी म्हणू लागले आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांत तो मान वंशपरंपरेने चालला. केहिमकर रहाबीला कित्येक शतके मागे नेतात. बऱ्याच अभ्यासकांना तो अठराव्या शतकातला, कोचीनच्या व्यापारी रहाबी घराण्यातला वाटतो, आणि हेच अधिक पटण्याजोगे आहे.

इंग्रजांच्या काळात समाज खेड्यांतून मुंबईकडे सरकला. पुष्कळजण ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती झाले. त्यांतलेच सॅम्युएल एझकिएल, म्हणजे समाजी हसाजी, दिवेकर हे टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. शआर हारहमीम हे त्याचे हिब्रू नाव असले तरी लोकांच्या तोंडी ‘जुनी मशीद’च राहिली. पुढे रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे येथेही सिनेगॉग उभी राहिली.

दुसरे आले ते ख्रिस्ती मिशनरी. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले आणि शाळांतून बेने इस्राएल मुलांना हिब्रू शिकवली. जुना करार वाचता वाचता ही मुले नव्या कराराकडे वळतील अशी आशा होती. धर्मांतरे झाली ती बोटांवर मोजण्याइतकी. उलट शतकांनंतर मूळ ग्रंथ हाती आल्यावर समाज अधिक यहुदी झाला, आणि झाला तो मराठीतून. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेली आवृत्ती सचित्र होती. तिच्यातल्या एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. १८८० च्या सुमारास तर कीर्तनेही सुरू झाली. निरूपण, अभंगांच्या चालीवरची पदे, टाळ-मृदंग असा सगळा थाट हरिदासी. आख्यान मात्र योसेफाचे, नाहीतर अब्राहामाचे. १८७५ मध्ये केहिमकरांनी काढलेली शाळा पुढे माझगावला सर एली कदूरी यांच्या नावाने चालली.

मलिद्याचा विधीही याच मातीतला. एलियाहू हन्नवी या संदेष्ट्याच्या नावाने भिजवलेल्या पोह्यांत साखर किंवा गूळ, ओले खोबरे, वेलदोडा आणि सुकामेवा घालून ताट भरतात, भोवती फळे मांडतात आणि प्रार्थना होऊन ते वाटले जाते. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फिटल्यावर मलिदा होतो. अलिबागजवळच्या खंडाळे गावातल्या खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे, आणि लोक तेथे नवस फेडायला जातात. जगातल्या अन्य यहुदींना हा विधी परका वाटतो. बेने इस्राएलांना त्याच्याशिवाय मंगलकार्य पुरे झाल्यासारखे वाटत नाही.

तिसरी तपासणी स्वधर्मीयांची होती, आणि तीच अधिक बोचली. बगदादचे व्यापारी डेव्हिड ससून १८३० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत आले. त्यांच्यामागून आलेल्या बगदादी यहुदींनी आरंभी बेने इस्राएलांचा आधार घेतला, पण बस्तान बसल्यावर अंतर राखायला सुरुवात केली. सोयरीक नको, दफनभूमीत शेजार नको, इतकेच काय, सार्वजनिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत बेने इस्राएल धरायलाही काहींनी नकार दिला. अर्थात बेने इस्राएलांच्या घरातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ हा भेद होताच. मिश्र विवाहातल्या संततीला काळे ठरवून रोटीबेटी आणि सिनेगॉगमधला मान नाकारला जाई. कोकणातल्या जातिव्यवस्थेची सवय इतकी अंगवळणी पडली होती, की स्वतःवरच्या अन्यायाची कागाळी करणाऱ्यांना घरातला अन्याय दिसत नव्हता.

विसाव्या शतकात समाज रेल्वे, टपाल, कस्टम्स, शिक्षण आणि वैद्यकीत स्थिरावला. डॉ. एलिजा मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. चित्रपटसृष्टीत डेव्हिड अब्राहम चेऊलकर आणि इंग्रजी कवितेत निसीम इझिकेल यांची नावे झाली. देश स्वतंत्र झाला तेव्हा समाजाची संख्या वीस हजारांच्या घरात होती. इस्रायलची स्थापना होताच त्यांतले बहुसंख्य हळूहळू तिकडे गेले. इथे छळ झाला नव्हता. धर्माची ओढ, आधी गेलेले नातेवाईक आणि सरकारी नोकऱ्यांतल्या बदलत्या संधी ही कारणे होती.

तिकडे वाट्याला आले बीरशेबा, दिमोना यांसारख्या वाळवंटातल्या नव्या वसाहतींतले कष्ट. रंगावरून दुजाभाव होतो म्हणून काहींनी धरणे धरले आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक जण भारतात परत आले; त्यांतले बरेच पुढे पुन्हा इस्रायलला गेले. त्याहून मोठा संघर्ष लग्नाचा. १९६२ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्राएल वधूवरांची वंशावळ तपासावी असे फर्मावले. घटस्फोटाचे आणि दिराशी विवाहाचे यहुदी नियम पूर्वजांनी पाळले नसतील, ही शंका. शतकानुशतके शनिवार पाळलेल्यांना सरकारी कचेरीत आजीच्या आईचा दाखला द्यावा लागणे अपमानास्पदच होते. जेरुसलेममध्ये ठिय्या आंदोलने झाली. १९६४ च्या उन्हाळ्यात संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान यहुदी मानले आणि रब्बी मंडळाला आदेशातून समाजाचे नाव वगळावे लागले.

आज इस्रायलमधली त्यांची लोकसंख्या हजारोंच्या घरात आहे. लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना येथे मलिदा होतो, १ मे रोजी महाराष्ट्र दिन साजरा होतो आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथूनच निघत आले आहे. लिहिणारी-वाचणारी पिढी मात्र भारतात जन्मलेली. नातवंडे हिब्रूतच बोलतात. भारतात २०११ च्या जनगणनेत सर्व गटांचे यहुदी मिळून साडेचार हजारांच्या आसपास भरले, त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक महाराष्ट्रात. कोकणातल्या जुन्या सिनेगॉगमध्ये दहा पुरुष जमवणे जिकिरीचे झाले आहे. ठाण्यात अजून जमतात. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने यहुदींना अल्पसंख्याक दर्जा दिला.