पिकअप गाडीच्या कमानी : पहिला पैसा कोठें घालावा?

वसमतच्या मोंढ्यांत उन्हाळ्याचे दिवस हळदीचे असतात, आणि त्या दिवसांत गांवच्या रस्त्यांवर जिकडे तिकडे दिसणारें वाहन म्हणजे पिकअप गाडी होय. ज्या वसमत हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ती शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोत्यांत भरली कीं बहुधा याच गाडीच्या पाठीवर बाजारास येते. पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरचा चरितार्थ अशा एखाद्या गाडीवर चालतो. अशी गाडी दारांत आली म्हणजे थोड्याच महिन्यांत मालकाच्या मनांत एक विचार घोळूं लागतो, तो असा कीं, मागें आणखी एक पाटा घालावा. हा विचार योग्य कीं अयोग्य, हें ठरविण्यास लागणारें पदार्थविज्ञान शाळेच्या पुस्तकाबाहेरचें नाहीं. म्हणून त्याविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

जुन्या बैलगाडीस कमान नसे. चाक दगडावर चढलें कीं आंस चढे, आंसाबरोबर साटा चढे, आणि आंत बसणाऱ्याच्या पाठीच्या कण्यास तो धक्का पुरता पोहोंचे. इंग्लंडांत ओबडाया इलियट नांवाच्या कारागिरानें १८०४ सालीं घोडागाडीच्या कमानींचें पेटंट घेतलें. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची ती कल्पना आजच्या पिकअपच्या मागील आंसावरही कायम आहे. या पट्टीसच आपल्याकडील मिस्त्री ‘पाटा’ म्हणतात. सर्वांत वरचा लांब तो मेन पाटा. त्याखालीं क्रमानें आंखूड होत जाणारे इतर. मध्यें सेंटर बोल्ट त्यांस एकत्र धरतो व यू-बोल्ट त्यांस आंसाशीं बांधतात. भार पडून कमान सपाट होऊं लागली कीं तिचीं दोन टोकें एकमेकांपासून दूर जातात, म्हणून एक टोक हलत्या शॅकलला अडकविलेलें असतें.

आतां थोडें गणित करूं. रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आपणांस ठाऊक आहेच : जितका भार, तितका दाब. समजा, एका गाडीच्या मागील दोन्ही कमानी मिळून दर १५० किलोस एक सेंटिमीटर दबतात. रिकाम्या गाडीचें ६०० किलो वजन त्यांवर असेल तर त्या ४ सेंटिमीटर दबतील. माल भरून तें १८०० किलो झालें तर १२ सेंटिमीटर. कमान किती दबली, यावरून ती धक्का बसल्यावर मिनिटास किती वेळां वरखालीं होईल, हें काढतां येतें : जितकी कमी दबलेली, तितकीं तिचीं आंदोलनें जलद. वरील गाडी रिकामी असतां मिनिटास सुमारें १५० वेळां हेलकावे खाईल व भरलेली असतां सुमारें ८६ वेळां. मनुष्याच्या शरीरास मिनिटास साधारण साठ ते नव्वद आंदोलनें सुसह्य वाटतात. रिकामी पिकअप कां उड्या मारते, याचा उलगडा एवढ्यानेंच होतो.

या गाडीस आणखी एक पाटा घालून कमानी तिसऱ्या हिश्श्यानें कडक केल्या, म्हणजे दर २०० किलोस एक सेंटिमीटर दबूं लागल्या, असें धरा. भरलेली गाडी आतां ९ सेंटिमीटरच दबेल. मागून ती ताठ दिसेल आणि मालकास समाधान वाटेल. परंतु तिचीं आंदोलनें ८६ वरून १०० वर गेलीं, आणि रिकामीचीं १५० वरून १७३ वर! मोंढ्यांत माल उतरवून परतणारी गाडी निम्मी वाट रिकामीच चालते, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. त्यांतून आपला मुलूख काळ्या जमिनीचा. ही माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावरील रस्ता फार काळ सपाट राहत नाहीं. अशा रस्त्यावर रिकाम्या गाडीचें मागील चाक क्षणभर जमिनीवरून उचललें गेलें, तर त्या क्षणीं त्याच्या ब्रेकचा उपयोग शून्य होय.

एक गैरसमज मात्र फार घातक आहे. पाटा वाढविला म्हणजे गाडीची वाहण्याची शक्ति वाढली, असें लोक समजतात. वाढते ती केवळ कमानीची शक्ति. आंस, बेअरिंगें, टायर, ब्रेक, चासी हीं सर्व पूर्वींचींच असतात; आणि पूर्वीं गाडी मागें बसून ‘आतां पुरे’ असें जें सांगत असे, तें सांगणेंही बंद होतें. कायदाही येथें कमान पाहत नाहीं, नोंदणीपत्रावरील एकूण वजन पाहतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीपत्रांतील तपशील बदलेल असा फेरफार करण्यास मनाई आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा भारास वीस हजार रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनास दोन हजार, असा हिशेब आहे. ही रक्कम कित्येक खेपांचें भाडें गिळून टाकते.

याहून सूक्ष्म गोष्ट ब्रेकची. अनेक पिकअप गाड्यांत मागील आंस व चासी यांमध्यें एका दांडीनें जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी भारानें खालीं बसली कीं तो मागील ब्रेकांस अधिक दाब देतो. गाडी वर असली कीं कमी देतो, म्हणजे रिकाम्या गाडीचीं मागचीं चाकें घसरूं नयेत. कडक पाट्यांनीं अथवा आंसावर ठोकळे ठेवून गाडीची पाठ उंच केली, तर भरलेली गाडीसुद्धां या व्हॉल्व्हला रिकामीच भासते, आणि नेमकी जेव्हां ब्रेकची अत्यंत गरज, तेव्हां मागील चाकें आळसावतात. ज्या मिस्त्रीस हा व्हॉल्व्ह दाखवितां येत नाहीं, त्याच्या हातीं कमानीचें काम देऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

मग पहिला पैसा कोठें घालावा? खरें पाहतां पहिली गोष्ट फुकटच आहे. सकाळीं टायर थंड असतां हवा मोजावी व कारखान्यानें दिलेल्या तक्त्याप्रमाणें ठेवावी. नंतर कमानीच्या डोळ्यांतील व शॅकलचे बुश पाहावे. ते झिजले असतील तर आंस थोडा तिरपा सरकतो आणि गाडी एका बाजूस ओढते. एखाद्या पाट्यास चीर गेली आहे काय, तेंही पाहावें. त्यानंतर पैसा घालण्याजोगें पहिलें ठिकाण म्हणजे शॉकॲब्सॉर्बर, ज्यास गॅरेजांत ‘शॉकअप’ म्हणतात.

नांवावरून वाटतें कीं धक्का हाच सोसतो. परंतु धक्का सोसते कमान. शॉकअपचें काम त्यापुढचें. दबलेली कमान घेतलेली शक्ति परत देऊं पाहते आणि गाडी हेलकावत राहते. शॉकअपच्या नळींत तेल असतें व एक दट्ट्या त्यांतून वरखालीं होतो. तेलास दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून बळानें जावें लागतें, आणि हेलकाव्याची शक्ति उष्णता होऊन हवेंत निघून जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो, तो याच कारणानें. तेल गळालें कीं हें काम थांबतें. बाहेरून तेलकट झालेला शॉकअप, टायरवर ठराविक अंतरानें पडलेले खोलगट चट्टे, आणि एका खड्ड्यानंतर दोन-तीन वेळां डोलणारी गाडी, या त्याच्या खुणा होत. बदलावयाचे ते जोडीनें बदलावे. ‘कमान मऊ झाली’ ही तक्रार पुष्कळदां येथेंच मिटते.

इतकें करूनही नोंदलेल्या वजनाच्या आंतील मालानें गाडी मागें फार बसत असेल, तर कमान खरोखरच थकली आहे. जुने पाटे ठोकून पुन्हा बाक आणण्याची रीत स्वस्त खरी. पण नीट तापवून पाणी दिल्याशिवाय असा पाटा लवकरच पुन्हा सपाट होतो. त्यापेक्षां कारखान्याच्या मापाचा नवा संच बरा. ज्याची गाडी नित्य भरलेलीच धांवते, त्यानें हेल्पर पाट्याचा विचार करावा. तो मुख्य कमान कांहीं अंतर दबल्यावरच तिला टेकतो, त्यामुळें रिकाम्या गाडीस त्याचा उपद्रव होत नाहीं.

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वीं सपाट जागीं गाडी उभी करून मागील चाकाच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंतचें अंतर दोन्ही बाजूंस मोजावें, रिकामी असतां एकदां व नेहमींचा माल भरून एकदां, आणि तीं चारही मापें वहींत लिहून न्यावींत. हें काम शाळकरी मुलासही करतां येईल. नवे पाटे बसविल्यावर कांहींशे किलोमीटर गाडी चालली कीं यू-बोल्ट पुन्हा आंवळून घ्यावे लागतात. ती तारीखही त्याच पानावर लिहून ठेवावी.