तक्रारीआधी फ्लॅग्ज बंद करा

बिलाच्या पानावर बेरीज उमटेना, म्हणून आम्ही सॉफ्टवेअरवाल्याला फोनवर चार शब्द ऐकवले. त्याच्याकडे मात्र सगळे ठीक! मग उलगडा झाला: दुकानातल्या पोराने क्रोमचे प्रायोगिक 'फ्लॅग्ज' चालू ठेवले होते. हा चाचणीतला कच्चा माल. त्याने साठवलेली माहितीही जाऊ शकते, असा इशारा क्रोम स्वतःच त्या पानावर देते.

पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत 'क्रोम://फ्लॅग्ज' टाइप करा. चालू असलेल्यांची नावे आधी वहीत उतरवा, मग 'रीसेट ऑल' आणि 'रीलाँच' दाबा. आता तेच बिल पुन्हा काढा. चूक तरीही आली, तर क्रोमच्या आवृत्तीसह खुशाल कळवा. नाहीशी झाली, तर वहीतले एकेक फ्लॅग लावून पाहावे. आमचे तिसऱ्यालाच सापडले.