गाडीच्या एसीचं मशीन, त्यातला ड्रायर आणि एक थेंब पाणी

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोरचा मस्तान नाका आला की एक रस्ता पालघरकडे वळतो, दुसरा वाड्याकडे. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीचा माल, गुजरातकडे निघालेले ट्रेलर, मुंबईच्या मोटारी, सगळ्यांची ये-जा या पट्ट्यातून चालते. अशा जागी एसीच्या कामाला तोटा नसतो, आणि आता त्यात भरच पडणार आहे. एकूण वजन साडेतीन टनांहून जास्त असलेल्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी बसवणं केंद्र सरकारने सक्तीचं केलं असून, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना तो नियम लागू आहे. जितके एसी, तितकं गॅस काढणं आणि भरणं. हे काम ज्या चाकांच्या मशीनवर होतं, त्याच्या पोटात फिल्टर ड्रायर नावाचा एक डबा असतो. गिऱ्हाइकाला तो कधी दिसत नाही. पण मशीनने भरलेला गॅस गाडीला तारणार की मारणार, हे त्याच्यावर ठरतं.

आधी मशीनचं काम पाहू. निळी नळी गाडीच्या लो साइडला, तांबडी हाय साइडला लागते. मशीन सुरू केलं की गाडीतला गॅस आत ओढला जातो. तो एकटा येत नाही. त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरचं तेल येतं, झिजलेल्या धातूची बारीक पूड येते, हवा येते आणि पाण्याचा अंश येतो. पहिला थांबा ऑइल सेपरेटर. तिथे तेल खाली बसतं आणि गॅसची वाफ पुढे जाते. दुसरा थांबा आपला ड्रायर. तिथून गॅस मशीनच्या कॉम्प्रेसरमध्ये, मग कंडेन्सरमध्ये जाऊन द्रव होतो आणि वजनकाट्यावर ठेवलेल्या टाकीत उतरतो. नंतर व्हॅक्यूम पंप गाडीच्या पाइपांतली हवा आणि ओल खेचून काढतो. तेवढ्या वेळात बरीच मशीन टाकीतला गॅस पुन्हा एकदा ड्रायरमधून फिरवून घेतात. शेवटी कंपनीने सांगितलेल्या वजनाइतका गॅस मोजून गाडीत भरला जातो.

म्हणजे एका गाडीतून काढलेला गॅस धुऊन त्याच किंवा दुसऱ्या गाडीत जातो. हे धुण्याचं काम मुख्यतः ड्रायर करतो. त्याच्या आत मोहरीएवढ्या दाण्यांचा थर असतो. या पदार्थाला आण्विक चाळणी म्हणतात. दाण्यांना जी सूक्ष्म छिद्रं असतात त्यांचा व्यास मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या तिपटीएवढा. पाण्याचा रेणू त्यात शिरतो आणि अडकतो. गॅसचा रेणू मोठा, तो बाहेरूनच निघून जातो. काही ड्रायरमध्ये आम्ल धरून ठेवणारं ॲल्युमिनाही मिसळलेलं असतं, आणि पूड अडवायला दोन्ही तोंडांशी गाळणीचे थर असतात.

पाणी किती चालतं, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. आर-१३४ए हा गॅस पुन्हा वापरायचा असेल तर त्यात वजनाने दहा लाखांत ५० भागांहून जास्त पाणी नसावं, असं अमेरिकेच्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं मानक आहे. एक किलो गॅसमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम एक थेंब. लहान मोटारीत साधारण अर्धा किलो गॅस बसतो, तिच्या वाट्याला अर्धा थेंब. आता जुलैतली मनोरची हवा घ्या. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली की एक लिटर हवेत सुमारे २५ मिलिग्रॅम पाणी असतं. म्हणजे लिटरभर पावसाळी हवा आत शिरली, की त्या मोटारीच्या अर्ध्या थेंबाची मर्यादा संपली. किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात हे काम करताना चार महिने हा आकडा डोक्यात ठेवावाच लागतो.

मर्यादा ओलांडली की काय होतं, ते गाडीवाल्याला चांगलं ठाऊक असतं, फक्त कारण ठाऊक नसतं. एसी सुरू केला की छान थंड हवा येते. थोड्या वेळाने गार होणं बंद. गाडी बंद करून चहा पिऊन आलं की पुन्हा थंड. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्राशी गॅस एकदम थंड होतो, तिथे पाण्याचा बर्फ धरतो आणि वाट बंद होते. बर्फ वितळला की वाट मोकळी. हा त्रास निदान लक्षात येतो. लक्षात न येणारा त्रास जास्त महाग पडतो: पाणी, गॅस, तेल आणि उष्णता एकत्र आली की आम्ल तयार होतं, आणि ते आतून कॉम्प्रेसर व कॉइल खात बसतं.

इथेच ड्रायरचा मोठा धोका आहे, आणि या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पाण्याने भरलेला ड्रायर तुंबत नाही. हवेचा फिल्टर कचऱ्याने भरला की मशीन धापा टाकायला लागतं, तसं इथे होत नाही. छिद्रं पाण्याने भरली तरी दाण्यांमधली वाट मोकळी असते, गॅस पहिल्याच वेगाने जातो, गेजवर काही दिसत नाही. मग होतं असं, की अपघातात कंडेन्सर फुटलेला ट्रक पंधरा दिवस पावसात उघडा पडलेला असतो, त्याच्यातली ओल मशीनमध्ये येते, आणि तिथून पुढच्या चांगल्या गाडीत जाते. त्यातही पत्र्याच्या शेडमध्ये मशीन तापलं की भर पडते, कारण दाणे गरम झाले की त्यांची पाणी धरण्याची ताकद घटते. म्हणून तर ड्रायरची क्षमता २४ आणि ५२ अंश सेल्सिअस अशा दोन तापमानांना मोजण्याची रीत आहे.

म्हणून ड्रायर बदलायचा तो वजनाच्या हिशेबाने. मशीन स्वतः किती किलो गॅस गाळला ते मोजतं. परिचयाच्या अनेक मशीनांत ही मर्यादा १५० किलोच्या घरात असते. तेवढं झालं की मशीन आधी इशारा देतं आणि मग काम थांबवतं. अर्ध्या किलोच्या हिशेबाने या तीनशे मोटारी झाल्या. पण हा आकडा साधारण कोरड्या गॅससाठी धरलेला असतो. वर सांगितलेल्या ट्रकसारखी ओली गाडी हाताळली, कॉम्प्रेसर जळालेल्या गाडीचा काळवंडलेला गॅस आत घेतला, किंवा मशीनची एखादी नळी फुटून आतल्या भागात हवा गेली, तर आकडा काहीही म्हणो, ड्रायर बदलावा. मशीनला ओल दाखवणारी काच असेल तर तिचा रंग रोज पाहावा. बहुतेक काचा कोरड्यात हिरव्या आणि ओलीत पिवळ्या होतात. आपल्या काचेचे रंग तिच्या कडेला छापलेले असतात.

नवा ड्रायर मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या नंबराचाच घ्यावा. फ्रिजचा किंवा गाडीतला ड्रायर जुळवून बसवू नये, त्याची क्षमता आणि दाब सहन करण्याची ताकद वेगळी असते.

बदलताना पहिलं काम म्हणजे जुन्या ड्रायरमधला गॅस परत घेणं. तो डबा दाबाखाली असतो, त्यात द्रव गॅसही असू शकतो. आर-१३४ए साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांना उकळतो. हातावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. नव्या मशीनांच्या मेनूत फिल्टर बदलण्याचा पर्याय असतो. तो निवडला की मशीन टाकीकडची वाट बंद करून ड्रायर रिकामा करतं. जुन्या मशीनवर हे व्हॉल्व्ह हाताने बंद करून करावं लागतं. काटा शून्याखाली गेला तरी घाई नको. पाच मिनिटं थांबून पाहा. काटा पुन्हा वर चढू लागला, तर तेलात मुरलेला गॅस अजून उकळून बाहेर येतो आहे; पुन्हा ओढून घ्या.

मग मशीन बंद करून प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. गॉगल आणि हातमोजे घालून मागचं झाकण उघडा. ड्रायर दोन प्रकारचे भेटतात. एक इंजिनच्या ऑइल फिल्टरसारखा फिरवून बसणारा, दुसरा दोन पाइपांच्या मधे नटांनी जोडलेला. दुसऱ्या प्रकारात दोन पाने लागतात: एकाने ड्रायरकडची बाजू धरायची, दुसऱ्याने नट सोडवायचा. एकाच पान्याने जोर लावला की तांब्याचा पाइप पिळतो आणि नवी गळती जन्माला येते. नट पहिल्या अर्ध्या फेऱ्यात सैल करून क्षणभर थांबा. फुसफुस आली तर ती संपू द्या.

जुना ड्रायर निघाला की त्याच्या ओ-रिंगा मोजा. एखादी रिंग वरच्या बैठकीला चिकटून राहते, तिच्यावर नवी बसते आणि दोन रिंगांवर घट्ट केलेला ड्रायर कधीच नीट बसत नाही. बैठक सूत न सुटणाऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. नव्या ओ-रिंगेला पुस्तिकेत सांगितलेल्या तेलाचं बोट फिरवा, ग्रीस लावू नका.

नव्या ड्रायरची टोपणं आता काढायची, आधी नाही. पावसाळ्यात तर हे कटाक्षाने पाळा. पाकीट फोडून ड्रायर बाकावर ठेवला आणि मधे फोन घेतला, तर तेवढ्यात दाण्यांनी हवेतली ओल प्यायला सुरुवात केलेली असते. डब्यावर बाण असेल तर तो गॅस वाहण्याच्या दिशेने, म्हणजे मशीनच्या कॉम्प्रेसरकडे येईल असा बसवा. फिरवून बसणारा ड्रायर रिंग टेकेपर्यंत हाताने आणि मग पुस्तिकेत दिला असेल तेवढाच आवळा.

बसवताना थोडी हवा आत गेलेली असतेच. त्या भागाला व्हॅक्यूम लावून ती काढा, व्हॉल्व्ह बंद करा आणि काटा जागच्या जागी राहतो का ते पाहा. तो ठरला की थोडा गॅस सोडून जोडांवर गळती शोधक फिरवा. तो नसेल तर साबणाचं पाणीही चालतं. त्यानंतरच नव्या ड्रायरचा नंबर मशीनला द्यायचा आणि मोजणी शून्यावर आणायची. डब्यावर मार्करने तारीख लिहून ठेवली की पुढच्या माणसाला विचारावं लागत नाही.

याच वेळी व्हॅक्यूम पंपाचं तेल पाहा. ते दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी आहे, आणि असा पंप गाडी कोरडी करू शकत नाही. टाकीत हवा साठली आहे का, तेही सकाळी मशीन गार असताना तपासता येतं. टाकी ३० अंशांवर असेल तर आर-१३४एचा दाब ९७ पीएसआयच्या आसपास दिसायला हवा. बराच जास्त दिसला तर आत हवा आहे किंवा गॅस भेसळीचा आहे. नव्या मोटारींतला आर-१२३४वायएफ हा सौम्य ज्वलनशील गॅस आहे. त्याचं मशीन वेगळं, ड्रायरही वेगळा.

जुना ड्रायर तापवून पुन्हा वापरायच्या फंदात पडू नये. या दाण्यांतलं पाणी पुरतं काढायला २०० ते ३०० अंश तापमान लागतं, आणि त्यात तेल व आम्ल मुरलेलं असतं. बंद डबा आगीत टाकणं तर उघड धोक्याचं.

खर्च वाचवायला ड्रायर न बदलता मोजणी शून्यावर आणायची युक्ती सांगणारे भेटतात. माझ्या मते ही गिऱ्हाइकाची सरळ फसवणूक आहे. मशीनला वाटतं ड्रायर नवा आहे, आणि प्रत्येक गाडीला पाणी वाटलं जातं. शेवटी असा बिघडलेला गॅस हवेत सोडून दिला जातो. आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट तापमान वाढवतो. एका मोटारीचा अर्धा किलो सोडणं म्हणजे सातशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या किगाली करारावर भारताने २०२१ मध्ये मोहोर उमटवली आहे.

गाडीवाल्यांना एक विनंती. पुढच्या वेळी एसीचं काम करून घ्याल तेव्हा मशीनचा ड्रायर कधी बदलला आणि अजून किती किलो उरला, ते पडद्यावर दाखवायला सांगा. पावसाळ्यात तर जरूर विचारा. दाखवायला टाळाटाळ झाली, तर गाडी दुसऱ्या गॅरेजला न्या.