टॉर्च बनवताय? मग आधी आट्यांचा हिशोब करा!

ढाणकीतल्या शेतकऱ्याला टॉर्चचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पंपाची लाईट रात्रपाळीची असली की काळ्या मातीतून मोटरपर्यंत जायचं, आणि वाटेत साप-विंचू. म्हणजे गिऱ्हाईक दारातच आहे. पण घरगुती टॉर्च परत येते ती बहुतेक वेळा एलईडीमुळे नाही, तर झाकणाच्या आट्यांमुळे.

माझीच चूक सांगतो. पहिल्या दहा टॉर्च करताना मी लेथवाल्याला नुसतं म्हणालो, "२४ चे आटे काढून द्या." त्यानं २४ चे नेहमीचे, म्हणजे ३ मिमी पिचचे आटे काढले. त्याचं काहीच चुकलं नाही, मी पिच सांगितलाच नव्हता. दोन टॉर्च हातातून पडल्या आणि बरोबर आट्यांपाशीच तडकल्या. असं का झालं, ते समजून घेऊ.

आधी सेल, मग पाईप, मग आटे

१८६५० या लिथियम सेलचा व्यास १८ मिमी आणि लांबी ६५ मिमी असते. प्रोटेक्शन सर्किट असलेला सेल त्याहून थोडा लांब असतो, म्हणून हातातला सेल व्हर्निअरनं मोजाच. त्यासाठी आतून १९ मिमी भोक हवं. बाहेरून २५ मिमी आणि ३ मिमी जाडीचा ॲल्युमिनियम पाईप घेतला की आत बरोबर १९ मिमी मिळतात. टोक २४ मिमीपर्यंत उतरवायचं आणि त्यावर आटे काढायचे.

आता सोपं सूत्र लक्षात ठेवा: पिचला १.२३ नं गुणा, तेवढा व्यास आट्यांच्या तळाशी कमी होतो. त्यातून भोक वजा करून निम्मं केलं की उरलेली भिंत कळते.

- २४ × ३: भिंत फक्त ०.६५ मिमी. पडली की तडकली.
- २४ × १.५: भिंत १.५८ मिमी. शेतात वापरायला चांगली.
- २४ × १: भिंत १.८८ मिमी. मजबूत, पण आटे बारीक.

मग सगळ्यात बारीक पिच का नाही घ्यायचा? कारण आपलं गिऱ्हाईक चिखलाच्या हातानं, अंधारात सेल बदलणार. बारीक आट्यात माती अडकते, झाकण वाकडं बसतं आणि जोर लावला की आटे मरतात. म्हणून मी २४ × १.५ निवडतो. आट्यांची लांबी ८ मिमी ठेवली की पाच फेऱ्यांत झाकण घट्ट बसतं. आट्यांच्या मागे एक खाच काढून ओ-रिंग बसवा आणि थोडं ग्रीस लावा. पाणी आत जात नाही आणि ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमला चिकटून बसत नाही.

लेथवाल्याला काय विचारायचं?

पहिला प्रश्न: "तुमचा लेथ इंची की मेट्रिक?" इंची लेथवर अचूक मेट्रिक आटे काढायला १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिमी आणि २५.४ च्या पाचपट १२७. तो गिअर नसेल तर काम दुसरीकडे द्या, किंवा बॉडी आणि झाकण दोन्हींना एकच इंची माप ठरवा. एक बाजू मेट्रिक, दुसरी इंची, असं कधीच नको. दोन फेऱ्या फिरतं आणि अडकतं.

लेथ नसेल तर?

पहिला नमुना हार्डवेअरच्या दुकानातून करा. पाऊण इंची शेड्यूल ४० यूपीव्हीसी पाईपचा आतला व्यास साधारण २०.९ मिमी असतो, सेल सहज बसतो. त्याला आट्यांचा एमटीए चिकटवा आणि वर आट्यांचं झाकण लावा. हे आटे बीएसपीचे, इंचाला १४. दुकानातच दोन्ही फिरवून बघा, कारण उतरते आटे असतील तर झाकण पूर्ण बसत नाही. प्लास्टिकमधून करंट जात नाही, म्हणून सेलच्या मागच्या टोकापासून वेगळी तार आणावी लागेल. उष्णताही बाहेर पडत नाही, म्हणून एलईडी १ वॅटचाच ठेवा आणि मागे ॲल्युमिनियमची चकती लावा.

आता धंद्याचा हिशोब

समजा एका टॉर्चचा खर्च ३२० रुपये आणि सुटतात ८० रुपये. एक टॉर्च बदलून द्यावी लागली, तर चार टॉर्चचा नफा गेला. म्हणून एक माप ठरवा आणि बदलू नका. एक पक्की बॉडी व एक पक्कं झाकण नमुना म्हणून कपाटात ठेवा. लेथवरून आलेला प्रत्येक तुकडा त्या नमुन्यावर फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पुढच्या वर्षी गिऱ्हाईकाचं झाकण हरवलं तरी तुमचं नवीन झाकण जुन्या बॉडीला बसलं पाहिजे. तेव्हाच तो शेजाऱ्याला घेऊन येतो.

आज एवढंच करा: सेल मोजा आणि कागदावर तीन आकडे लिहा. भोक, बाहेरचा व्यास, पिच. तो कागद घेऊनच लेथवाल्याकडे जा. भेटू पुढच्या व्हिडिओत!